फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली, तर रिफंडशिवाय भरपाई कधी मिळते? नियम काय सांगतो?

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवतोय? देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी असलेल्या इंडिगोची विमानं एकामागून एक रद्द होत होती. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं टेकवून झोपलेले दिसत होते. हुबळीतल्या एका रिसेप्शनला नवरा-नवरीलाच पोचता आलं नाही आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवरून हजेरी लावली, ही बातमी त्या आठवड्यात मोबाइलवर सगळीकडे फिरत होती.

त्या गर्दीतल्या बहुतेकांना एक मेसेज आला होता. तुमची फ्लाइट रद्द झाली आहे, खालच्या लिंकवर जाऊन पर्याय निवडा. लिंक उघडली की साधारण दोन बटणं दिसतात : दुसरी फ्लाइट घ्या किंवा पैसे परत घ्या. गडबडीत माणूस कुठलं तरी एक दाबतो आणि विषय संपला असं समजतो.

पण भारतातल्या नियमानुसार काही प्रवाशांना तिकिटाच्या पैशांशिवाय वेगळी भरपाईही मिळू शकते. ती सगळ्यांना मिळत नाही आणि बऱ्याचदा मागितल्याशिवाय मिळत नाही. ती मिळणार की नाही, हे तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. फ्लाइट रद्द झाल्याचं कधी कळवलं? कशामुळे रद्द झाली? आणि त्यानंतर प्रवाशाने काय निवडलं?

हा नियम नेमका कुठला?

भारतात विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए. विमान कंपन्यांनी काय करायला हवं, याचे नियम डीजीसीए काढतं. त्यातल्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये फ्लाइट रद्द होणं, उशीर होणं आणि तिकीट असूनही विमानात जागा न मिळणं, या तीन प्रसंगी प्रवाशाला काय द्यायचं ते लिहिलेलं आहे. हे नियम २०१० मध्ये लागू झाले आणि नंतर त्यात वेळोवेळी बदल झाले. भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढवण्यात आल्या.

विमान कंपनीशी बोलताना 'डीजीसीएच्या मालिका एम, भाग ४ प्रमाणे' एवढं म्हटलं, तरी समोरच्याला आपण कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळतं.

पहिला प्रश्न : कधी कळवलं?

नियमात वेळेचे तीन टप्पे आहेत.

• दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं : कंपनीने दुसरी फ्लाइट द्यायची किंवा पैसे परत करायचे. भरपाई नाही.

• दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं : इथेही दुसरी फ्लाइट किंवा रिफंड. यातलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं. भरपाई नाही.

• २४ तासांपेक्षा कमी वेळ असताना कळवलं किंवा कळवलंच नाही : इथे भरपाईचा नियम लागू होतो. कंपनीने प्रवाशाला मान्य असेल अशी दुसरी फ्लाइट द्यायची, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई द्यायची.

फ्लाइट रद्द झाल्यामुळे पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकली आणि दोन्ही प्रवास एकाच तिकीट नंबरवर असतील, तरी हाच नियम लागू होतो. पण पैसे वाचवण्यासाठी दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या फ्लाइटची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही.

म्हणूनच मेसेज किंवा ईमेल किती वाजता आला, हे महत्त्वाचं ठरतं. त्याचा स्क्रीनशॉट हाच पुढे पुरावा असतो.

भरपाई किती मिळते?

हे प्रवासाला किती वेळ लागतो त्यावर ठरतं. यासाठी 'ब्लॉक टाइम' धरला जातो. म्हणजे विमान निघताना जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा ठरलेला वेळ.

• १ तासापर्यंतचा प्रवास : ५,००० रुपये
• १ तासापेक्षा जास्त, २ तासांपर्यंत : ७,५०० रुपये
• २ तासांपेक्षा जास्त : १०,००० रुपये

पण या आकड्यांपुढे एक अट आहे आणि सोशल मीडियावरच्या बऱ्याच पोस्टमध्ये नेमकी तीच गायब असते. वरची रक्कम, किंवा एका बाजूच्या तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, या दोन्हींपैकी जे कमी असेल तेच मिळतं. म्हणजे १०,००० रुपये ही कमाल मर्यादा आहे. फ्लाइट रद्द झाली की प्रत्येकाला १०,००० मिळतात, असं नाही.

एक उदाहरण पाहू. समजा, पुणे ते दिल्ली तिकीट एकूण ६,१०० रुपयांना काढलं. त्यात मूळ भाडं ४,६००, इंधन शुल्क ५०० आणि उरलेले १,००० रुपये विमानतळ शुल्क आणि कर. प्रवास दोन तासांपेक्षा जास्त, म्हणून मर्यादा १०,००० ची. फ्लाइट सकाळी ६ ची आणि रद्द झाल्याचा मेसेज आदल्या रात्री १० ला आला. म्हणजे आठच तास आधी.

अशा वेळी प्रवाशाने रिफंड निवडला, तर तिकिटाचे पूर्ण ६,१०० रुपये परत मिळायला हवेत. भरपाई मात्र मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ५,१०० होईल, कारण ते १०,००० पेक्षा कमी आहे. एकूण ११,२०० रुपये.

हेच तिकीट महाग असतं आणि भाडं अधिक इंधन शुल्क १२,००० असतं, तर भरपाई १०,००० वर थांबली असती.

मग रिफंड घ्यावा की दुसरी फ्लाइट?

वरच्या उदाहरणात ११,२०० रुपये बरे वाटतात. पण दिल्लीला पोचायचंच असेल आणि ऐनवेळचं तिकीट १४,००० ला मिळत असेल, तर भरपाई घेऊनही खिशातून २,८०० रुपये जातात. डिसेंबर २०२५ मध्ये भाडी इतकी वाढली की ६ डिसेंबरला केंद्र सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००, १,५०० किलोमीटरपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. मर्यादा घातल्यावरही भाडी एवढी होती.

त्यामुळे पोचणं गरजेचं असेल, तर आधी दुसरी फ्लाइट मागणं जास्त फायद्याचं ठरतं. ती त्याच तिकिटात मिळते, वेगळे पैसे पडत नाहीत. कंपनीने दोन दिवसांनंतरची फ्लाइट देऊ केली, तर ती घेतलीच पाहिजे असंही नाही, कारण नियमात प्रवाशाला मान्य असलेली फ्लाइट असं म्हटलेलं आहे. दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा करून देता का, हेही काउंटरवर विचारून बघावं.

मात्र एकदा दुसरी फ्लाइट स्वीकारली की भरपाईचा मुद्दा संपतो. नियमात 'दुसरी फ्लाइट किंवा रिफंड आणि भरपाई' असं आहे, दोन्ही एकत्र नाही. म्हणून बटण दाबण्याआधी दोन मिनिटं थांबून हिशोब करणं परवडतं.

दुसरा प्रश्न : कशामुळे रद्द झाली?

बहुतेक वाद इथेच होतात.

फ्लाइट कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणामुळे रद्द झाली असेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, यादवी, राजकीय अस्थिरता, संप, सरकारी आदेश अशी ही यादी आहे. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाकडून आलेली अडचण आणि सुरक्षेचा धोका ही कारणंही त्यात येतात. म्हणजे जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं किंवा जुलैत मुंबईत पावसाने विमानं उतरू शकली नाहीत, तर भरपाईची आशा ठेवू नये.

पण याच नियमात कंपनीवरही एक अट आहे. शक्य ते सगळे उपाय करूनही टाळता आलं नसतं, असंच कारण असायला हवं. त्यामुळे 'ऑपरेशनल रीझन' एवढे दोन शब्द मेसेजमध्ये लिहिले, की कंपनी मोकळी झाली असं होत नाही. ऑपरेशनल म्हणजे नेमकं काय? पायलट नव्हते? विमान दुसऱ्या मार्गावर वळवलं? आधीच्या फ्लाइटला उशीर झाला? हे कारण ईमेलवर लेखी मागावं. त्याच वेळी त्याच मार्गावर बाकीच्या कंपन्यांची विमानं वेळेत उडत होती का, हेही बघून ठेवावं. हवामानाचं कारण दिलं असेल, तर ही माहिती उपयोगी पडते.

इंडिगोच्या वेळी काय झालं?

तिथेही वाद कारणाचाच होता. पायलटांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले होते. त्यात आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. त्यामुळे तेवढीच विमानं उडवायला जास्त पायलट लागणार होते. इंडिगोकडे त्याप्रमाणे तयारी नव्हती आणि वेळापत्रक कोसळलं.

नियम सरकारी होता, हे खरं. पण तो कधी लागू होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. शेवटी सरकारने अडकलेले रिफंड ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत पूर्ण करायला सांगितले. कंपनीनेही पुढे जाहीर केलं, की उड्डाणाच्या २४ तासांच्या आत ज्यांची फ्लाइट रद्द झाली, त्यांना नियमाप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये भरपाई मिळेल. ३ ते ५ डिसेंबर या काळात ज्यांचे जास्त हाल झाले, त्यांना त्याशिवाय १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर देऊ केली.

त्या आठवड्यात विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणूनच कारण विचारून ठेवणं आणि कागद जपून ठेवणं गरजेचं असतं. कंपनीची जबाबदारी कधीकधी नंतर ठरते.

हवामान खराब असेल, तर काहीच मिळत नाही का?

मिळतं. रोख भरपाई आणि काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुक्यामुळे फ्लाइट रद्द झाली, तरी दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड हा हक्क राहतोच. विमानतळावर पोचलेल्या प्रवाशाला दुसऱ्या फ्लाइटची वाट बघावी लागत असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते.

उशिराच्या बाबतीतही नियम आहेत. वेळेत चेक-इन केलेलं असेल, तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात २ तास, अडीच ते ५ तासांच्या प्रवासात ३ तास आणि त्याहून लांबच्या प्रवासात ४ तास उशीर होणार असेल, तेव्हा खाणं-पिणं द्यावं लागतं. देशांतर्गत फ्लाइटला ६ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतली फ्लाइट ६ तासांपेक्षा जास्त लांबली, तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय कंपनीने करायची.

'आमची कंपनी स्वस्त तिकिटाची आहे, आमच्याकडे हे बसत नाही' असं उत्तर मिळालं, तर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल लक्षात ठेवावा. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीहून हैदराबादला निघालेला एक प्रवासी धुक्यामुळे विमानात बराच वेळ अडकून पडला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०११ मध्ये निकाल लागला. धुकं कंपनीच्या हातात नसतं, म्हणून लोक अदालतीने दिलेली १०,००० रुपयांची भरपाई कोर्टाने रद्द केली. पण अडकलेल्या प्रवाशांना किमान सोयी देण्याची जबाबदारी लो-कॉस्ट कंपनीलाही टाळता येत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केलं.

रिफंडच्या नावाखाली क्रेडिट दिलं तर?

काही वेळा पैसे खात्यात येत नाहीत, कंपनीच्या वॉलेटमध्ये जमा होतात. याला क्रेडिट शेल म्हणतात. डीजीसीएच्या रिफंडच्या नियमानुसार पैसे असे ठेवायचे की नाही, हा निर्णय प्रवाशाचा असतो. कंपनी ते परस्पर करू शकत नाही. नको असेल, तर तसं लेखी कळवून पैसे मूळ खात्यात मागावेत. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील, तर रिफंड ७ दिवसांत कार्डावर यायला हवा.

तिकीट एजंटकडून किंवा बुकिंग ॲपवरून काढलं असेल, तर कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीकडून आले नाहीत. पण एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो आणि रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, असं नियम सांगतो.

भरपाई हातची जाते ती या चुकांमुळे

पहिली चूक : स्वतःच तिकीट रद्द करणं. फ्लाइट लांबणार किंवा रद्द होणार अशी कुणकुण लागली, की लोक ॲपमध्ये जाऊन 'कॅन्सल बुकिंग' दाबतात. मग ते प्रवाशाने स्वतः रद्द केलेलं तिकीट ठरतं आणि कॅन्सलेशन चार्ज कापला जातो. कंपनीने रद्द केल्याचा मेसेज येऊ द्यावा आणि त्यातल्याच लिंकवरून पर्याय निवडावा.

दुसरी चूक : बुकिंगमध्ये दुसऱ्याचा नंबर. तिकीट काढताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर भरपाई द्यावी लागत नाही, असं नियमातच आहे. गल्लीतल्या एजंटने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल, तर मेसेज त्याला जातो आणि कंपनी म्हणते आम्ही वेळेत कळवलं होतं. आई-वडिलांचं तिकीट मुलं काढून देतात, तेव्हाही हे होतं. तिकीट हातात आलं की पीएनआर टाकून प्रवाशाचा नंबर आणि ईमेल बरोबर आहे का, ते तपासून घ्यावं.

तिसरी चूक : पुरावा न ठेवणं. मेसेज, बोर्डिंग पास, स्क्रीनवरच्या सूचनेचा फोटो, जेवणाची आणि टॅक्सीची बिलं, हे सगळं एका फोल्डरमध्ये टाकून ठेवावं.

परदेशी कंपनीचं विमान असेल तर?

परदेशी कंपनी भारतातल्या नियमाप्रमाणे किंवा तिच्या देशातल्या नियमाप्रमाणे भरपाई देऊ शकते. युरोपीय संघाचा २००४ चा नियम यात बराच कडक आहे. अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई आणि तिकिटाच्या किमतीशी तिचा संबंध नाही. हा नियम युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. युरोपात जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे मुंबई ते फ्रँकफर्ट प्रवास युरोपीय कंपनीचा असेल, तर तो नियम लागू होतो, भारतीय कंपनीचा असेल तर नाही.

कंपनीने दाद दिली नाही, तर कुठे जायचं?

पायरी १ : कंपनीला ईमेल. पीएनआर, फ्लाइट नंबर, मेसेज आल्याची वेळ, मागणीची रक्कम आणि नियमाचा उल्लेख एवढं पुरेसं आहे. कॉल सेंटरशी बोललात, तरी त्यानंतर ईमेल कराच. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी आणि त्यावरच्या अपील अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो.

पायरी २ : एअरसेवा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं हे पोर्टल आणि ॲप आहे. इथे केलेली तक्रार थेट त्या कंपनीकडे जाते आणि तिचं काय झालं ते ऑनलाइन बघता येतं.

पायरी ३ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते.

पायरी ४ : जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लातूरच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावं लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. डीजीसीएच्या नियमातली भरपाई ठरावीक असते. मानसिक त्रास, बुडालेलं हॉटेल बुकिंग किंवा ऐनवेळी काढावं लागलेलं महाग तिकीट यासाठी दाद मागायची असेल, तर त्याची जागा ग्राहक आयोग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज आला, तर क्रम साधा आहे. आधी स्क्रीनशॉट काढा, मग वेळ आणि कारण बघा, पोचणं गरजेचं आहे की पैसे, ते ठरवा आणि त्यानंतरच बटण दाबा.